दाराच्या चौकटीवरचा 'पी' : लोधीखेड्यातून पाहिलेली पल्स पोलिओ मोहीम

गेल्या वर्षी आपल्या मंडळानं गावातल्या जुन्या घरांची नोंद करायला घेतली. सागवानी चौकटी, ओसरीचे खांब, कोनाडे, दारावरचं कोरीव काम, जे उरलं आहे त्याचे फोटो काढून ठेवायचे असं ठरलं. एका रविवारी आपल्यातला एक तरुण सदस्य मोबाईल घेऊन माझ्याकडे आला. फोटोत एका जुन्या दाराची चौकट होती आणि तिच्या खालच्या अंगाला गेरूनं काढलेली, अर्धी पुसलेली एक खूण. इंग्रजी 'पी', त्याखाली आकडा, एक बाण आणि तारखेसारखं काहीतरी.

"काका, हे सुताराचं निशाण असेल का? की जुन्या काळी घरपट्टीवाले असं लिहायचे?"

मला हसू आलं. म्हटलं, "बाबू, हे निशाण इंग्रजांच्या काळातलं नाही. हे पोलिओचं आहे. कोण जाणे, माझ्याच हातचं असेल."

तो चमकला. त्याचा जन्म या मोहिमेतच झालेला, दोन थेंब त्यानंही घेतलेले, तरी दारावरची खूण त्याला ओळखता आली नाही. तेव्हा मनात आलं की गढीचा बुरूज ढासळला तर आपण हळहळतो, आणि ज्या कामात या गावचं प्रत्येक घर मोजलं गेलं त्याचा एक कागदही आपल्या संग्रहात नाही. हा निबंध त्यासाठी. दिल्लीत ठरलेली गोष्ट लोधीखेड्याच्या गल्लीत पोचते, तेव्हा मधे कोण कोण असतं आणि ते एकमेकांशी कसं जुळवून घेतात, हे मी बूथवर बसलेल्या मास्तराच्या नजरेतून सांगणार आहे.

आधी गावाची जागा

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. पांढुर्णा म्हटलं की लोकांना गोटमार आठवते आणि सौंसर म्हटलं की संत्री. लोधीखेडा सौंसर तहसिलीत, नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर, जाम नदीच्या काठी. इथून दक्षिणेला सातनूर ओलांडलं की महाराष्ट्र लागतो, पुढे केळवद, सावनेर आणि नागपूर.

१९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आपण मध्य प्रदेशात राहिलो आणि राजधानी भोपाळला गेली. बोली मराठी, सरकारी कागद हिंदी, बाजार नागपूरचा आणि कलेक्टर छिंदवाड्याचा, अशी आपली गत तेव्हापासूनची. २०२३ साली पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. पण मी सांगतोय त्या काळात सगळे आदेश छिंदवाड्याहून यायचे.

त्यात रेल्वेची आणखी एक गंमत. बंगाल-नागपूर रेल्वेची जुनी नॅरोगेज लाईन गावातून जायची. स्टेशन मध्य प्रदेशात, पण रेल्वेचं विभागीय कार्यालय नागपूरला. म्हणजे फलाटावर उतरलेलं लेकरू कोणाच्या हद्दीत, असा प्रश्न पडला तर उत्तर देणारे तीन जण निघायचे, किंवा एकही नाही. पोलिओच्या कामात हा प्रश्न खराच पडला.

देवी टोचणारे

आमच्या पिढीच्या दंडावर देवीच्या लसीचा वण आहे. लहानपणी 'देवी टोचणारा आला' असं ऐकलं की आम्ही पोट्टे धान्याच्या कणगीमागे लपायचो. देवीचा रोग संपवायची राष्ट्रीय मोहीम १९६२ साली सुरू झाली. पहिली काही वर्षं भर होता तो किती जणांना टोचलं या आकड्यावर. आकडे मोठे व्हायचे, रोग मात्र जायचा नाही.

१९७३ पासून पद्धत बदलली. जागतिक आरोग्य संघटना आणि भारत सरकार यांनी मिळून घरोघर शोध घ्यायचं ठरवलं. कर्मचारी आजारी मुलाचं चित्र असलेलं कार्ड दाखवत शाळा, बाजार, वस्त्या पालथ्या घालायचे. रुग्ण सापडला की त्याच्या भोवतालच्या सगळ्यांना टोचायचं आणि घरावर पहारा ठेवायचा. रुग्णाची खबर देणाऱ्याला बक्षीस होतं. रोग जास्त असलेल्या चार राज्यांत बिहार, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगालबरोबर आपला मध्य प्रदेशही होता. जमशेदपूर भागात साथ पसरली तेव्हा टाटांच्या कंपनीनं माणसं आणि गाड्या देऊन काम अंगावर घेतलं. सरकारच्या बाहेरची मदत सरकारी कामात बसवता येते, याचं ते मोठं उदाहरण. १९७४ साली देशात सुमारे १ लाख ८८ हजार रुग्ण नोंदले गेले, आणि मे १९७५ मध्ये शेवटचा रुग्ण सापडला. अवघ्या वर्ष-दीड वर्षाचं अंतर.

किती टोचले हे मोजणं आणि कोण राहिलं हे शोधणं, ही दोन वेगळी कामं आहेत. हा धडा देवीनं दिला. पोलिओच्या वेळी तो आपल्याला पुन्हा शिकावा लागला.

रविवारच का, एकाच दिवशी का

माझ्या वर्गात एक मुलगा होता, उजवा पाय काडीसारखा. मोठा भाऊ त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवून आणायचा. 'लहानपणी ताप आला आणि पाय गेला' एवढंच घरचे सांगायचे. असे एक-दोन जण तेव्हा प्रत्येक गावात असायचे, आणि लोक ते नशिबावर टाकून मोकळे व्हायचे.

१९८८ साली जगातून पोलिओ घालवायचा ठराव जागतिक आरोग्य सभेत झाला. रोटरीनं त्याआधीच, १९८५ मध्ये, आपली पोलिओ मोहीम सुरू केली होती. आपल्या देशात २ ऑक्टोबर १९९४ ला दिल्लीत प्रयोग झाला आणि ९ डिसेंबर १९९५ ला पहिली देशव्यापी फेरी निघाली. पहिल्या वर्षी तीन वर्षांखालची मुलं घेतली, पुढच्या वर्षी पाच वर्षांखालची.

लोक विचारायचे, "मास्तर, मागच्याच महिन्यात पाजलं ना हो, आता अजून कायले?" हे उत्तर देता यावं म्हणून आधी आम्हाला समजून घ्यावं लागलं. पोलिओचा विषाणू लेकरांच्या आतड्यात राहतो आणि विष्ठेवाटे पसरतो. सगळ्या मुलांना एकाच वेळी डोस मिळाला, तर त्या विषाणूला राहायला जागाच उरत नाही. आज सौंसर, पुढच्या महिन्यात सावनेर असं केलं तर तो इकडून तिकडे सरकतो. त्यात काही मुलांना थोड्या डोसांनी पुरेशी ताकद येत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा पाजायचं. साऱ्या देशानं एकच तारीख पाळायची, यामागे एवढं सोपं कारण होतं.

आणि आपल्यासारख्या सीमेवरच्या गावाला त्या एका तारखेनं मोठा हात दिला. दोन राज्यांचे आरोग्य विभाग एरवी एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. पण त्या रविवारी सातनूरच्या अलीकडे आणि पलीकडे एकच काम चालायचं.

कोणाकडे काय होतं

मोहिमेचं नाव आरोग्य विभागाचं, पण आरोग्य विभागाकडे एवढी माणसं कुठली? एका देशव्यापी फेरीत सुमारे १७ कोटी मुलांना थेंब पाजायचे आणि त्यासाठी वीस लाखांहून जास्त माणसं लागायची. ती बाकीच्या विभागांकडून उसनी घेतली.

जिल्ह्यात कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली बैठक व्हायची, खाली विकासखंडात तशीच. लस आणि बर्फ आरोग्य विभागाचा. बूथवर बसणारे आम्ही शाळामास्तर, म्हणजे शिक्षण विभाग. गल्लीतली लेकरं नावानिशी ठाऊक असलेली आंगनवाडीची बाई महिला-बाल विकासची. २००५ नंतर आशा कार्यकर्त्या आल्या. खेड्यांत मुनादी द्यायला कोटवार, तो महसूलचा. गावात भोंगा फिरवायला नगर पंचायत. स्टेशनवर आणि बसस्टँडवर उभं राहायला वेगळी टीम, तिच्यासाठी रेल्वे आणि बसवाल्यांची परवानगी.

बाहेरच्या भागीदारांचीही कामं वाटलेली होती. रोटरीनं पैसा उभा केला, स्वयंसेवक दिले, ठिकठिकाणी बूथवर टोप्या, बॅनर आणि चहा-नाश्ता पोचवला. युनिसेफनं लोकांना समजावण्याची बाजू पाहिली. जागतिक आरोग्य संघटनेनं सरकारबरोबर १९९७ मध्ये राष्ट्रीय पोलिओ सर्वेक्षण प्रकल्प उभा केला, त्याचे डॉक्टर जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरायचे. पुढच्या काळात खर्चाचा मोठा वाटा भारत सरकारनंच उचलला.

मला वाटतं, या यंत्राचा सगळ्यात शहाणा भाग सर्वेक्षण हा होता. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला, तर कारण काही असो, खबर द्यायची. चोवीस तासांच्या अंतरानं शौचाचे दोन नमुने घ्यायचे, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवायचे. मुंबईचं एन्टेरोव्हायरस संशोधन केंद्र या कामात देशातलं अग्रणी. आपल्याकडे 'पोट्ट्याले लकवा मारला' असं झालं की लोक आधी वैदूकडे नाहीतर झाडफूक करणाऱ्याकडे जात. सर्वेक्षणवाल्यांनी हे ओळखलं होतं. त्यांच्या खबऱ्यांच्या यादीत खाजगी डॉक्टरांबरोबर वैदू आणि मांत्रिकही असायचे. सरकारी कामात मांत्रिकाचं नाव आदरानं लिहिलेलं मी तेवढंच पाहिलं.

पी आणि एक्स

सुरुवातीला फक्त बूथ असायचे. जो येईल त्याला पाजा. संध्याकाळी आकडा सांगितला की आम्ही मोकळे. पण येत नव्हते तेच तर हवे होते. सातपुड्यातून कापूस वेचायला, संत्र्याच्या तोडणीला आलेली कुटुंबं, वीटभट्टीवरची लेकरं, शेतातल्या खोपडीत राहणारे. बूथवर येणारे बहुतेक गावातलेच, ज्यांच्या मुलांना बाकीच्या लसीही मिळालेल्या.

१९९९ पासून बूथच्या दुसऱ्या दिवशी घरोघर जायची पद्धत आली. इथून त्या दारावरच्या खुणेचा जन्म. घरातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांना डोस मिळाला असेल तर 'पी' लिहायचा. एखादं मूल राहिलं असेल, घराला कुलूप असेल किंवा घरचे नाही म्हणत असतील, तर 'एक्स'. त्याबरोबर घराचा क्रमांक, तारीख आणि पुढच्या घराकडे दाखवणारा बाण. संध्याकाळी सुपरवायझर 'एक्स' घरांची यादी करायचा आणि त्या घरी पुन्हा जावं लागायचं.

मी खरं सांगतो, 'पी' लिहिण्यात कोणालाच अडचण नव्हती. अवघड होतं 'एक्स' लिहिणं, कारण तो लिहिला की काम वाढतं, वरून विचारणा होते. सगळी खोटी 'पी' काढून घरी जाणं सोपं होतं, आणि तसं कुठे घडलंच नसेल असं मी म्हणणार नाही. म्हणून तपासायला वेगळी माणसं यायची, आणि ती आमच्या विभागाची नसायची. बाहेरच्या भागीदाराचा खरा उपयोग मला तिथे कळला. ज्याला आमच्या साहेबाची भीती नाही, असा एक जण दारावरची खूण आणि लेकराचं बोट ताडून पाहायचा.

टीमची आखणी एका कागदावर असायची, त्याला सगळे 'मायक्रोप्लान' म्हणत. कुठली टीम, कुठल्या दिवशी, कोणाच्या घरापासून कोणाच्या घरापर्यंत. मारुतीच्या देवळापासून चक्कीपर्यंत, चक्कीपासून नाल्याच्या वस्तीपर्यंत. तो कागद हिंदीत, पण त्यातल्या खुणा आपल्या. पहिल्या आखण्यांत नाल्यापलीकडची काही घरं कुणाच्याच वाट्याला आली नव्हती. दोन टीमना वाटलं ती दुसऱ्याकडे आहेत. आंगनवाडीच्या बाईंनी ते दाखवून दिलं. वरच्या बैठकीत विभाग जुळले होते, पण नाल्यावर जुळले नव्हते. त्यानंतर प्रत्येक तुकड्यापुढे एकाच माणसाचं नाव असेल याकडे आम्ही लक्ष दिलं. माझ्या मते समन्वय म्हणतात तो एवढाच: एक तारीख, एक तुकडा, एक नाव, आणि राहिलेल्या घरी परत जायची सक्ती.

बोटावरची शाई

डोस दिला की डाव्या करंगळीच्या नखावर शाई लावायची, मतदानासारखी. ही शाई आपल्या गावात फार कामाची ठरली. नागपूरहून छोटी गाडी यायची, दारात बायका लेकरं घेऊन उभ्या. आमची टीम विचारायची, "बाई, लेकराचं बोट दाखवा." सावनेरच्या बूथवर पाजलेलं मूल असलं तर शाई दिसायची. कागद विचारायची गरज नाही, भाषेची नाही, राज्याची नाही. दोन राज्यांच्या सरकारांमधली इतकी साधी आणि इतकी विश्वासाची नोंद मी दुसरी पाहिली नाही. जामसावळीच्या मारुतीला निघालेली कुटुंबं आणि नागपूरला मजुरीला चाललेली जोडपी, त्यांच्या लेकरांची करंगळी हाच त्यांचा दाखला.

ती नॅरोगेज २०१५ अखेर बंद झाली, आता तिथून ब्रॉडगेज धावते. फलाट बदलला. पण छोट्या गाडीच्या त्या दोन-तीन मिनिटांच्या थांब्यात बर्फाचा डबा खांद्याला लावून धावणाऱ्या आंगनवाडीच्या बाया माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

हिशेबाची दुसरी बाजू

यश मोठं आहेच. २००९ साली देशात ७४१ रुग्ण होते, जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. २०१० मध्ये ४२, आणि २०११ मध्ये एक. पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यातली ती मुलगी १३ जानेवारी २०११ ला आजारी पडली, आणि तिच्यानंतर जंगली पोलिओचा रुग्ण देशात नाही. २७ मार्च २०१४ ला आपल्यासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

पण इतिहास लिहायचा तर किंमतही लिहायला हवी. फेरी आली की शाळा दोन-तीन दिवस अर्धी रिकामी, मास्तर गल्लीत. आंगनवाडीच्या बायांना भत्ता तुटपुंजा, आणि उन्हातान्हात 'एक्स' घरी परत परत त्याच जायच्या. लोक दारातच ऐकवायचे, "तापाची गोळी मागाले गेलो तर भेटत नाही, आन् हे थेंब घरी येऊन पाजता." या बोलण्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एका रोगासाठी एवढं यंत्र उभं राहिलं आणि गोवरासारख्या बाकीच्या लसी कितीतरी मुलांना मिळत नव्हत्या. २५ डिसेंबर २०१४ ला मिशन इंद्रधनुष सुरू झालं, तेव्हा पोलिओच्या आखण्या आणि याद्या त्या कामाला लावल्या गेल्या. उशीर झाला, पण शिकलेलं वाया गेलं नाही. कोरोनाच्या वेळीही आशा आणि आंगनवाडीच्या बाया पुन्हा त्याच गल्ल्यांत फिरल्या, आणि त्यांना वाट विचारावी लागली नाही.

कागद कुठे गेले

दिल्लीतला करार जपला जातो, पाट्या लागतात, प्रमाणपत्रांचे फोटो छापले जातात. पण नाल्यापलीकडची घरं कोणी शोधली याचा कागद फेरी संपली की रद्दीत जातो. मी स्वतः अशा गठ्ठ्यातल्या पाठकोऱ्या पानांवर पोरांना पाढे लिहायला दिले आहेत. तेव्हा कळलं नाही.

म्हणून मंडळापुढे तीन गोष्टी ठेवतो. एक, ज्यांच्या घरी जुन्या टॅली शीट, मायक्रोप्लानची पानं, बॅनर, टोपी, लसीचा डबा असेल, त्यांनी तो मंडळाला दाखवावा. यादीत लेकरांची आणि घरांची नावं असतील तर ती झाकूनच फोटो ठेवू. दोन, आंगनवाडीच्या जुन्या बाया, कोटवार, ड्रेसर आणि ड्रायव्हर यांच्या आठवणी आताच रेकॉर्ड करू. त्या मराठीत असतील आणि मधे हिंदी येईल, ते तसंच राहू द्यायचं. तीन, सीमेपलीकडच्या सावनेर-केळवदच्या मंडळींनी त्यांच्या बाजूची आठवण जोडावी. शाई एक होती, तर नोंदही एक असावी.

आणि ती चौकट? घरमालक दादांनी सांगितलं की दिवाळीच्या आधी दाराला रंग लावायचा आहे. रंग लावू नका असं सांगायचा आपल्याला हक्क नाही. मी एवढीच विनंती केली की त्या दिवशी मला बोलवा. मापासकट नीट फोटो काढून घेऊ. खुणेचा आकडा माझ्या टीमचा होता की दुसऱ्याच्या, हे अजून लागलेलं नाही. ज्यांना ओळखू येईल त्यांनी जरूर कळवावं.